बरणीतल्या नेरीसपलीकडे: समुद्राच्या गाळातले पॉलिकीट

भीमाकाठ

बी.एस्सी. प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सोलापुरातली असो की लातूरची, काचेच्या कपाटात ठरलेल्या बरण्या असतातच. नेरीस, ॲफ्रोडाइट, कीटॉप्टेरस, ॲरेनिकोला. वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनमध्ये राहून सगळ्यांचा रंग एकच झालेला, मळकट पिवळा. मुलं स्पॉटिंगच्या परीक्षेत बरणीपुढे उभी राहतात, संघ, वर्ग आणि दोन लक्षणं लिहितात, घंटी वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकतात. गांडूळ आणि जळू त्यांनी शेतात, तळ्याकाठी पाहिलेले असतात. नेरीसची ओळख मात्र त्या बरणीपुरतीच राहते.

याची मला मनापासून खंत वाटते, कारण त्या फळीवर आपण ज्यांना चार नमुने म्हणून ठेवलंय तो समुद्रातल्या सर्वांत यशस्वी प्राणिगटांपैकी एक आहे. हे पॉलिकीट, म्हणजे अंगावर कडक केसांचे झुबके असलेले, वलयांच्या अंगाचे, बहुतेक समुद्री किडे. त्यांच्या वर्णन झालेल्या जाती १०,००० च्या वर आहेत. भरती-ओहोटीच्या चिखलापासून कित्येक हजार मीटर खोल तळापर्यंत ते सापडतात. समुद्राचा मऊ तळ खरवडून चाळला, तर डोळ्यांना दिसणाऱ्या जिवांमध्ये बऱ्याचदा निम्मे पॉलिकीटच निघतात.

ज्यांना अजून कंटाळा आलेला नाही त्यांच्यासाठी एकच गोष्ट जवळून दाखवते. नेरीसच्या परापादाची, म्हणजे पायासारख्या अवयवाची, स्लाइड सगळ्यांनी काढलेली असते. ती आकृती म्हणून पाहू नका. अंगाच्या प्रत्येक वलयाला डाव्या-उजव्या बाजूला मांसल पाळ्यांची एक जोडी. प्रत्येक पाळीत दृढरोमांचा, म्हणजे कडक केसांचा, झुबका, आणि त्यांच्या मधोमध दोन जाड काळ्या काड्या: त्या आतून आधार देतात, स्नायू त्यांना ओढतात. मोठं भिंग लावून एकच दृढरोम बघा. सरळ केस नाही तो. मध्ये सांधा आहे, पुढचं पातं वेगळं आहे, पात्याला दातेरी कड आहे. पातं लांब की आखूड, दाते किती, यावरून जात ओळखतात. चालणं, पोहणं, बिळात अंग रोवून धरणं, श्वास घेणं, सगळं या एका अवयवावर चालतं.

आता जबडा. नेरीसचं तोंड बाहेरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. भक्ष्य जवळ आलं की घशाचा पुढचा भाग उलटा होऊन बाहेर फेकला जातो आणि त्याच्या टोकाला दोन वाकडे जबडे उघडतात. या जबड्यांच्या कडकपणात जस्ताचा वाटा आहे. ग्लायसेरा नावाच्या दुसऱ्या पॉलिकीटाच्या जबड्यात तांबं असतं, आणि त्या जबड्यांतून तो विषही टोचतो. नेरीसच्या उलटलेल्या घशावर बारीक काळे दाणे असतात. त्यांचे आठ विभाग पाडलेत, एक ते आठ. कुठल्या विभागात किती दाणे, हे मोजल्याशिवाय नेरीस कुळातल्या जातीचं नाव लिहिता येत नाही.

इथं कुणी किनाऱ्यावर काम केलेलं असेल, कुणाला शंका असतील, तर लिहा. विषय मोठा आहे.

---

मोहोळकर

मॅडम, आमचा गांडूळखताचा धंदा हाय, म्हणून वाचायला थांबलो. ह्यो नेरीस गांडुळाचा भाऊबंदच म्हणायचा का? आन् गांडूळ जसं रान भुसभुशीत करतंय तसं हे समुद्रात काय करतात? का नुसतं एकमेकाला खात्यात?

---

भीमाकाठ

दादा, भाऊबंद तर खराच, पण नातं आपण शिकलो त्याच्या उलटं निघालं. पूर्वी पुस्तकात तीन वर्ग शेजारी शेजारी मांडलेले असायचे: पॉलिकीटा, ऑलिगोकीटा म्हणजे गांडुळं, आणि हिरुडिनिया म्हणजे जळवा. डीएनएच्या अभ्यासानंतर चित्र बदललं. गांडूळ आणि जळू ही पॉलिकीटांच्याच झाडाची एक फांदी आहे, गोड्या पाण्यात आणि जमिनीवर आलेली. तुमच्या खताच्या वाफ्यातलं गांडूळ मूळच्या समुद्री घराण्यातलं आहे.

आणि हो, मशागत ते करतातच. युरोपच्या किनाऱ्यावरचा ॲरेनिकोला मरिना घ्या. हा वाळूत इंग्रजी जे आकाराच्या बिळात राहतो. पुढून वाळू गिळतो, तिच्यावरचं सेंद्रिय द्रव्य पचवतो आणि ठरावीक वेळानं शेपूट वर आणून राहिलेली वाळू बाहेर टाकतो. ओहोटीला किनाऱ्यावर जिकडंतिकडं त्या वाळूची कुरडईसारखी वेटोळी दिसतात. पण खरं काम खाली चाललेलं असतं. समुद्राच्या गाळात बोटभर खाली गेलं की ऑक्सिजन संपतो, गाळ काळा होतो, सडक्या अंड्याचा वास येतो: तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा प्राणी अंगाच्या लाटांनी बिळातून पाणी खेळवत राहतो. त्यामुळे बिळाभोवतीचा काळा गाळ तपकिरी होतो, तिथं वेगळे जिवाणू वाढतात, अडकलेलं नत्र मोकळं होतं. किनाऱ्यावर असे लाखो प्राणी आहेत हे लक्षात घेतलं, म्हणजे समुद्राच्या तळाला श्वास कोण पुरवतं ते कळतं.

खाण्याच्या तऱ्हा तर इतक्या आहेत की त्यांचं वर्गीकरण हा १९७९ पासून स्वतंत्र विषय झालाय. काही गाळ गिळतात. काही जागेवर बसून लांब शुंडकं पसरतात आणि पृष्ठभागावरचे कण ओढून घेतात. काही नळीत राहून डोक्यावरच्या पिसाऱ्यानं पाणी गाळतात. काही शिकार करतात. युनिस ॲफ्रोडायटॉइस वाळूत पुरून बसतो आणि वरून जाणारा मासा झडप घालून आत ओढतो. तीन मीटरच्या जवळ लांबीचा नमुना जपानमध्ये मिळालेला आहे. कुठं कोण राहणार हे बरंचसं गाळाच्या कणांवर ठरतं. बारीक चिखलात गाळ खाणारे जास्त, वाहत्या पाण्याच्या भरड वाळूत पाणी गाळणारे जास्त.

---

मोहोळकर

म्हंजे जमिनीचा पोत बघून पीक, तसंच की. आमच्याकडं काळ्या रानात गांडूळ चांगलं, मुरमाड माळावर कमी. बरं वाटलं वाचून. ते ॲरेनिकोलाचं रक्त लाल असतंय का? गांडुळाचं असतंय.

---

बार्शी_ते_बंदर

मी मूळचा बार्शीचा. बरीच वर्षं किनाऱ्यावर गाळातल्या जिवांचं काम करतोय. मॅडमचा धागा बघून राहवलं नाही.

दादा, रक्त लाल असतं आणि फार खास असतं. आपल्या हिमोग्लोबिनचा एक रेणू ऑक्सिजनचे ४ रेणू धरतो. ॲरेनिकोलाचा महाकाय रेणू १५६ धरतो, आणि तो पेशीत बंद नसून रक्तात मोकळा फिरतो. ओहोटीत बीळ तासन् तास पाण्याबाहेर राहतं, तेव्हा हा साठा कामी येतो. फ्रान्समध्ये प्रत्यारोपणासाठी काढलेली किडनी टिकवण्याच्या द्रावणात हे हिमोग्लोबिन वापरून पाहिलं गेलंय. ज्याला आपण परीक्षेत दोन गुणांचा प्राणी करून ठेवलंय, त्याच्यावर शस्त्रक्रिया विभागांचं लक्ष आहे.

माझं रोजचं काम प्रदूषणाशी संबंधित आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

खाडीचं पाणी घाण झालंय का हे पाहायला आपण पाण्याची बाटली भरून नेतो. ती बाटली त्या घटकेपुरतं सांगते. कारखान्यानं रात्री पाणी सोडलं आणि सकाळची भरती येऊन गेली, तर बाटलीत काही उरत नाही. गाळातला किडा मात्र पळून जाऊ शकत नाही. मागच्या कित्येक महिन्यांत तिथं काय झालं ते त्या गाळात कोण जगलं आणि कोण मेलं यावरून वाचता येतं.

पद्धत साधी आहे. ठरलेल्या क्षेत्रफळाचा गाळ काढायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर समुद्राच्याच पाण्यानं हलक्या हातानं धुवायचा. चिखल निघून जातो, वर शिंपल्यांचे तुकडे, पालापाचोळा आणि जीव राहतात. त्यात रोझ बेंगाल नावाचा रंग टाकला की काही तासांत जिवांच्या ऊती गुलाबी होतात आणि कचऱ्यातून वेगळ्या दिसू लागतात. मग ट्रेमध्ये थोडं थोडं घेऊन बारीक कुंचल्यानं एकेक वेचायचा. मान मोडून जाते, पण दुसरा रस्ता नाही.

सांडपाण्याच्या तोंडाशी अगदी जवळचा गाळ बहुधा निर्जीव असतो. जरा पुढं गेलात की अचानक केसासारख्या बारीक लाल किड्यांचा खच: कॅपिटेला. जाती एक-दोन, पण संख्या प्रचंड. आणखी पुढं संख्या घटते आणि जाती वाढतात. मग हळूहळू खोल बिळं करणारे, मोठे, सावकाश वाढणारे पॉलिकीट दिसतात. हा क्रम पिअर्सन आणि रोझेनबर्ग यांनी १९७८ मध्ये मांडला आणि आजही जगभर वापरतात. कॅपिटेलाला घाण आवडते असं म्हणणं बरोबर नाही. ऑक्सिजन कमी आणि सेंद्रिय द्रव्य जास्त असलेल्या गाळात स्पर्धक मरतात, हा तगतो, आणि काही आठवड्यांतच त्याची पुढची पिढी तयार होते. रिकाम्या जागेत पहिला पोचणारा तो.

याच कॅपिटेलानं पॉलिकीटांच्या अभ्यासाला मोठा धडा दिला. १९६९ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्ट फाल्मथ इथं एका बार्जमधून तेल सांडलं. तळावरचे जीव मेले आणि कॅपिटेला कॅपिटाटा बेसुमार वाढला. ग्रासल या शास्त्रज्ञ दाम्पत्यानं ते किडे वाढवून त्यांची विकरं (एन्झाइम) तपासली, तेव्हा १९७६ मध्ये दिसलं की एकच म्हणून मोजलेली जात प्रत्यक्षात सहा जाती आहेत. दिसायला जवळपास सारख्या, पण अंडी घालण्याच्या तऱ्हा वेगळ्या, पिल्लांचं जगणं वेगळं.

---

टीवाय_झूलॉजी

सर, मग आपल्याकडच्या किनाऱ्यावर ज्या जाती लिहिल्या आहेत त्या खरंच त्याच आहेत का? आमच्या प्रोजेक्टसाठी मी जुने पेपर वाचले. सगळीकडे युरोपातली नावं दिसतात.

---

बार्शी_ते_बंदर

नेमका प्रश्न विचारलास. भारतीय पॉलिकीटांची पायाभूत कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रोलंड सदर्न यांनी १९२१ मध्ये चिलिका सरोवरातले आणि देशातल्या इतर निमखाऱ्या व गोड्या पाण्यातले पॉलिकीट नोंदवले. फोव्हेल या फ्रेंच अभ्यासकाचा भारतीय उपखंडावरचा ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. आजही बहुतेक विद्यार्थी त्यातलीच जात ओळखण्याची किल्ली घेऊन बसतात. फोव्हेल यांचं काम अफाट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या काळी समज असा होता की पॉलिकीटांच्या पुष्कळ जाती जगभर पसरलेल्या असतात. म्हणून इथला किडा युरोपातल्या वर्णनाशी साधारण जुळला की त्याला तेच नाव मिळायचं.

मार्फिसा सँग्विनिया हे उदाहरण बघ. पहिलं वर्णन इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरचं. पुढं हेच नाव ऑस्ट्रेलिया, जपान, भारत सगळीकडं लागलं. आता बारकाईनं आणि डीएनएसकट पाहिल्यावर त्या नावाखाली ठिकठिकाणच्या वेगवेगळ्या जाती निघत आहेत. आपल्या खाड्यांतल्या जुन्या नावांकडंही त्याच नजरेनं बघायला हवं.

याचा परिणाम केवळ कागदावर होत नाही. नाव चुकलं की त्या जातीची सवय, सहनशक्ती, प्रजननाचा काळ हे सगळं दुसऱ्या समुद्रातून उसनं आणलं जातं, आणि त्या माहितीवर आपण आपल्या खाडीचा निकाल देतो. मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. गाळाचे नमुने गोळा करणारे प्रकल्प पुष्कळ, पण भिंगाखाली बसून जात ओळखणारी माणसं फार थोडी. अहवालात 'नेरीस जात अनिश्चित' असं लिहून पुढं जाणं रोजचं झालंय.

---

पाणटिवळा

उजनीवर हिवाळ्यात पक्षी बघायला जाणारा माणूस मी. तुमच्या धाग्यामुळे एक दुवा जुळला. भिगवणच्या उथळ पाण्यात चिखल्या, तुतवार, टिलवे दिवसभर चोच चिखलात खुपसून काहीतरी ओढत असतात. यांतले कितीतरी पक्षी ठाण्याच्या खाडीतही उतरतात. तिथं ते चोचीनं जे उपसतात त्यात पॉलिकीट असतात असं वाचलंय. मग उजनीत ते काय खातात? इथं पॉलिकीट सापडतील का?

---

भीमाकाठ

ठाणे खाडीतल्या चिखलावर पॉलिकीट हा किनारपक्ष्यांचा मोठा आहार आहे, बरोबर. फ्लेमिंगो चोचीनं पाणी गाळून मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातात, त्यांचं गणित वेगळं. पण लांब चोचीच्या पक्ष्यांसाठी बिळातला मऊ, प्रथिनांनी भरलेला किडा म्हणजे परतीच्या प्रवासाचं इंधन. कुठल्या पक्ष्याची चोच किती लांब, त्यावर तो किती खोलातला किडा काढणार हे ठरतं. खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला तेव्हा बातम्यांत फोटो फ्लेमिंगोंचे होते. हरकत नाही, सुंदरच पक्षी आहे. पण त्याच चिखलाच्या आत जे चाललंय त्याच्यावर बाकीचे हजारो पक्षी उभे आहेत.

उजनीत मी विद्यार्थ्यांना पॉलिकीट शोधायला पाठवणार नाही. गोड्या पाण्यातल्या पॉलिकीटांच्या जाती जगभरात २०० च्या आत आहेत, एकूण जातींच्या दोन टक्केही नाहीत. उजनीच्या गाळात लाल धाग्यांसारखं वळवळताना दिसतं ते ट्यूबिफेक्सच्या गटातलं, म्हणजे गांडुळाच्या फांदीवरचं. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून मिळतं तेच. त्यांच्यासोबत डासासारख्या कायरोनोमिड माशीच्या लाल अळ्या. उजनीत भीमेबरोबर वरच्या शहरांचं सांडपाणी किती येतं ते आपण सगळे जाणतो. कमी ऑक्सिजनच्या, सेंद्रिय गाळात तग धरायचं जे काम खाडीत कॅपिटेला करतो, ते गोड्या पाण्यात ट्यूबिफेक्स करतो. सोलापूरच्या विद्यार्थ्याला चाळणी, रोझ बेंगाल, वेचणी, मोजणी हा सगळा सराव उजनीच्या किंवा हिप्परगा तलावाच्या गाळावर करता येतो. समुद्रावर गेल्यावर फक्त नावं बदलतात.

---

पूर्वभाग

मी सूत रंगवण्याच्या व्यवसायात आहे. मॅडमनी ॲफ्रोडाइटचं नाव घेतलं म्हणून शोधून पाहिलं. फोटोत त्याच्या अंगावरचे केस लाल, हिरवे, निळे चमकतात. ते रंगद्रव्य कुठलं? इतका पक्का रंग कसा राहतो?

दुसरं. आमचे मेहुणे आंध्रात कोळंबीच्या हॅचरीत आहेत. ते सांगतात की मादी कोळंबीला अंड्यावर आणायला जिवंत समुद्री किडे घालतात आणि ते फार महाग पडतात. ते हेच का?

---

भीमाकाठ

दादा, त्यात रंगद्रव्य नाही! ॲफ्रोडाइटचा केस कायटिनचा असतो. तो आडवा कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की आत लांबलचक पोकळ नळ्या षटकोनी रचनेत अगदी शिस्तीत बसवलेल्या दिसतात. त्या नळ्यांमधलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाचं आहे, म्हणून ठरावीक रंगच परत फिरतो. प्रकाश काटकोनात पडला की लाल, तिरका होत गेला की हिरवा-निळा. हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. रचना टिकते तोवर रंग टिकतो. बरणीतल्या ॲफ्रोडाइटच्या पाठीवरचा करडा थर जरा बाजूला करून कडेचे केस खिडकीच्या उजेडात फिरवून बघा, जुन्या नमुन्यातही चमक दिसते. आमच्या मुलांना हे दाखवलं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी बरणी हातात घेऊन दुसऱ्यांदा पाहिली.

हॅचरीबद्दल बार्शीच्या सरांनी लिहावं.

---

बार्शी_ते_बंदर

होय, तेच. नेरीस आणि मार्फिसाच्या कुळांतले पॉलिकीट. त्यांच्या अंगात ॲराकिडोनिक आम्लासारखी मेदाम्लं भरपूर असतात आणि मादीच्या अंडाशयाच्या वाढीला ती लागतात. कृत्रिम खाद्यानं अजून तितकं काम होत नाही, म्हणून व्हॅनामी कोळंबीच्या प्रजननाला हे किडे जवळपास अनिवार्य झालेत.

पण यात दोन धोके आहेत, मेहुण्यांना अवश्य सांगा. कोळंबीच्या तलावांचं पाणी जिथं पोचतं तिथल्या चिखलातून काढलेले किडे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू पोटात बाळगू शकतात, आणि ईएचपी हा कोळंबीच्या पचनग्रंथीतला परजीवीही. किडा स्वतः आजारी दिसत नाही, प्रजननाच्या टाकीत मात्र रोग पोचतो. दुसरा धोका चिखलाला. मागणी वाढली की लोक ओहोटीला फावड्यानं खाजण उकरून काढतात. गाळाचे थर उलटेपालटे होतात, खालचा सल्फाइडचा काळा गाळ वर येतो, लहान शिंपले मरतात, पक्ष्यांचं खाणं जातं. यावर उपाय टाक्यांमध्ये रोगमुक्त पॉलिकीट वाढवण्याचा. कोळंबी आणि माशांच्या तलावातला वाया जाणारा गाळ खाऊन ते वाढू शकतात. हा धंदा किनाऱ्यावरच्या बचतगटांच्या हाती आला तर चिखल उकरणं कमी होईल असं मला वाटतं.

---

पूर्वभाग

मेहुण्यांना धागा पाठवला. ते मछलीपट्टणमकडे आहेत.

---

भीमाकाठ

मछलीपट्टणम म्हणजे कृष्णेचं मुख जवळच. त्यावरून एक मुद्दा लिहायचा राहिला होता.

सोलापूरकर समुद्र म्हटलं की गणपतीपुळे, तारकर्ली म्हणतात, कारण रस्ता तिकडे जातो. पाणी तिकडे जात नाही. आपली सीना भीमेला मिळते, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला. सोलापूर जिल्ह्यातल्या शेताची माती आणि गटाराचं पाणी ज्या समुद्राकडे निघतं तो पूर्वेचा आहे. त्रिभुज प्रदेशातली कांदळवनं आणि चिखल हा नद्यांनी आणलेल्या अशाच गाळाचा. आता उजनी, मग जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा एकामागून एक धरणांत तो गाळ अडतो. मुखाशी पोचणारा गाळ खूप घटलाय आणि तिथला किनारा जागोजागी झिजतोय. वर म्हटलं तसं, पॉलिकीटांची वस्ती कणांच्या आकारावर ठरते. बारीक चिखल येणं थांबलं की बिळं करणाऱ्यांची जागा जाते, मग त्यांच्यावर जगणाऱ्या माशांची आणि खेकड्यांची.

म्हणून हा विषय कोकणातल्या कॉलेजांनी करावा, आपला काय संबंध, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

---

टीवाय_झूलॉजी

मॅडम, 'हेटेरोनेरीस'ची स्लाइड आमच्याकडे आहे पण ती काय भानगड आहे ते नीट कळलं नाही. वेगळी जात आहे का?

---

भीमाकाठ

वेगळी जात नाही. नेरीस आयुष्यभर बिळात राहतो, पण प्रजननाची वेळ आली की त्याचं अंगच बदलतं. डोळे मोठे होतात, मागच्या वलयांचे परापाद रुंद होतात, तिथले जुने दृढरोम जाऊन वल्ह्याच्या आकाराचे येतात, आतडं आक्रसतं. मग तो बीळ सोडून रात्री पृष्ठभागावर येतो, नर-मादी गोल गोल पोहत अंडी आणि शुक्राणू सोडतात आणि मरतात. स्लाइडवर पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग वेगळ्या प्राण्यांचे वाटतात ते यामुळे.

वेळ साधणं हा यातला कळीचा भाग. सगळे एकाच रात्री वर आले नाहीत तर अंडी वाया जातात. म्हणून बऱ्याच जाती चंद्रावर वेळ ठरवतात. सामोआ आणि फिजी बेटांवरचा पलोलो याबाबत प्रसिद्ध आहे: ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पौर्णिमा उलटून आठवडाभरानं. आपल्या पंचांगात सांगायचं तर आश्विन किंवा कार्तिकातल्या वद्य अष्टमीच्या आसपास. पलोलोचा पुढचा भाग प्रवाळाच्या कपारीतच राहतो, अंड्यांनी भरलेला मागचा भाग तुटून वर पोहत येतो. बेटांवरचे लोक ती रात्र धरून जाळी घेऊन पाण्यात उतरतात, त्यांच्यासाठी तो सणाचा पदार्थ आहे. भूमध्य समुद्रातल्या प्लॅटिनेरीस ड्युमेरिली या जातीवर प्रयोगशाळेत चांद्रघड्याळाचं काम चाललंय. टाक्यांवर रात्री मंद दिवा लावून त्यांचा महिना हवा तसा बसवता येतो.

---

बार्शी_ते_बंदर

खोल समुद्राचं कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. १९७७ मध्ये गालापागोसजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर अल्विन पाणबुडीतल्या शास्त्रज्ञांना गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती माणसापेक्षा उंच पांढऱ्या नळ्यांची झुडपं दिसली, टोकाला लाल पिसारा. रिफ्टिया. मोठेपणी त्याला तोंड नसतं, आतडं नसतं. अंगात जिवाणूंनी भरलेला एक अवयव असतो. ज्या हायड्रोजन सल्फाइडनं आपण मरू, तेच हा रक्तातून त्या जिवाणूंपर्यंत पोचवतो आणि त्यांनी बनवलेल्या अन्नावर जगतो. सूर्याचा थेट आधार न घेता एवढी मोठी वस्ती उभी राहते हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. सुरुवातीला त्याला वेगळ्या संघात ठेवलं होतं. आता तो पॉलिकीटांच्या घराण्यात आलाय. हिंदी महासागरातल्या झऱ्यांवर मात्र रिफ्टिया नाही, तिथं कोळंब्या आणि गोगलगाई यांचं राज्य आहे.

आणि ओसेडॅक्स. २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात मेलेल्या देवमाशाच्या हाडांवर सापडला. मादी हाडात मुळं घालते, आम्ल सोडून हाड विरघळवते, आणि तिच्याही मुळांत जिवाणू असतात. नर सूक्ष्म, मादीच्या नळीतच डझनांनी राहतात. देवमासा मरून तळाला गेला की त्याच्या सांगाड्यावर कित्येक वर्षं अशी वस्ती चालते. शिकारीमुळे देवमासे घटले तेव्हा अशा किती वस्त्या उपाशी राहिल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

---

टीवाय_झूलॉजी

मॅडम, यंदाची अभ्यास सहल रत्नागिरीला आहे. आम्हाला खरंच काही करता येईल का, की फक्त किनारा बघून यायचं?

---

बार्शी_ते_बंदर

करता येईल, पण आधी परवानगी. कांदळवनात आणि अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाला न विचारता काही काढायचं नाही. प्रवाळाला हात लावायचा नाही. मोकळ्या चिखलावर किंवा खडकाळ किनाऱ्यावर कॉलेजच्या पत्रानं थोडे नमुने घ्या. दगड उलटला तर परत तसाच ठेवा, त्याच्या खालच्या बाजूची वस्ती उन्हात मरते.

सोबत अर्ध्या मिलिमीटरची चाळणी, मऊ चिमटे, कुंचला, रुंद तोंडाच्या बाटल्या. किडा थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, तो आकसतो, तुटतो आणि ओळखण्याजोगा राहत नाही. आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या सात-आठ टक्के द्रावणात शांत होऊ द्या, हलका स्पर्श करून हालचाल थांबल्याची खात्री करा. मग समुद्राच्या पाण्यात केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये, आणि काही दिवसांनी धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनए करायचं असेल तर एक तुकडा पहिल्यापासून ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, फॉर्मॅलिनमधला चालत नाही. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलनं लिहिलेली: तारीख, जागा, गाळाचा प्रकार. चिठ्ठी नसलेली बाटली टाकून द्यावी लागते.

केसाळ, बाजूला पांढऱ्या झुबक्यांचा किडा दिसला तर बोट लावू नका. त्याचे केस पोकळ, ठिसूळ, कातडीत मोडून राहतात आणि फार आग होते. लागलेच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढून काढायचे.

सोलापूरला परत आल्यावर खरं काम सुरू होतं, आणि त्याला समुद्र लागत नाही. चांगला सूक्ष्मदर्शक, उजेड आणि बसायची तयारी पुरते. नेरीस कुळातलाच किडा घ्या, घसा हलकेच दाबून बाहेर काढा, आठही विभागांतले दाणे मोजा, दृढरोमांची चित्रं काढा. एका जातीचं वर्णन असं पूर्ण केलंत तर माझ्याकडं पाठवा, मी तपासून देईन.

---

टीवाय_झूलॉजी

नक्की पाठवतो सर. आणि दिवस कुठला धरायचा? आमच्या कॉलेजच्या सरांनी डिसेंबरातला कुठलाही शनिवार म्हटलंय.

---

बार्शी_ते_बंदर

कुठलाही नको. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतला शनिवार धरा, तेव्हा उधाण असतं आणि ओहोटीला पाणी सर्वांत लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं, चिखलाचा निम्मा पट्टा उघडाच पडत नाही. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची खालची ओहोटी साधारण पहाटे पाच-सहाला आणि पुन्हा संध्याकाळी त्याच सुमारास येते. नेमकी वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. डिसेंबरात पहाटे अंधार असतो, म्हणून संध्याकाळची घ्या. पाणी उतरत असताना दोन तास आधी चिखलावर पोचा आणि वळल्याबरोबर सगळ्यांना बाहेर काढा. सोलापूरहून त्याच दिवशी निघून हे जमणार नाही, आदल्या रात्रीचा मुक्काम रत्नागिरीत करा.